शिंप्याने विकत घेतलेली जीन्स

दुकान, कटिंगचं टेबल,
दुपारचे अडीच (म्हणजे गिऱ्हाईक नाही).

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. हल्ली मी वाकतो तो जरा जपूनच. का, ते पुढे येईल.

तब्येत कशी आहे? हे मी फोनवरही विचारतो, पण तुम्ही "बरी आहे" एवढंच म्हणून फोन वहिनीच्या हातात देता आणि वहिनी माझ्याच तब्येतीची चौकशी सुरू करते. पत्राचं बरं असतं, ते मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. (देता येतं, पण देऊ नका. यात माझ्या अब्रूचा प्रश्न आहे.) उजव्या हाताचा व्यायाम चालू आहे ना? डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबता ना, की तो कपाटाखाली गेलाय तो तिथेच आहे? वहिनी म्हणते, पाय अगदी ठणठणीत झालेत, घरातल्या घरात येरझाऱ्या घालता, पण अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले तरी जिना काही उतरत नाही. डॉक्टर म्हणतात फिरा, वहिनी म्हणते फिरा, आणि तुम्ही म्हणता उद्या. तुमच्या दारापासून दुकान चारशे बारा पावलांवर आहे. (मोजली आहेत. तुमची लांब टांग धरली तर साडेतीनशे.) इथे येणारा प्रत्येक जण विचारतो, मास्तर कधी येणार, आणि मीही सांगतो, उद्या. असो. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, तुम्ही मोठे आहात. मी आपली इकडची हकिगत सांगायला पत्र लिहितो आहे.

तर हकिगत अशी, की मी जीन्स घेतली. शिवली नाही, घेतली. तयार, दुकानातून, पिशवीत घालून. आणि साधी जीन्ससुद्धा नव्हे, ताणली की लांबणारी. तुमचा चेहरा मला इथून दिसतो आहे. तयार कपडे घालणारा शिंपी म्हणजे खानावळीत जेवणारा आचारी, असं तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि काजाचा धागा दाताने तोडत होतो. त्यानंतर अडतीस वर्षं मी तुमचा शब्द मोडला नाही. आता मोडला, तर निदान कसा मोडला ते तरी ऐकून घ्या.

कारण म्हणाल, तर गुडघे. दिवसातून तीस-चाळीस वेळा गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवं बसायचं, आतली उंची घ्यायची, उठायचं. आपण शिवलेली पॅन्ट दिसायला राजेशाही, पुढे दोन-दोन चुण्या, क्रीज अशी की बोट कापावं; पण ती उभ्या माणसाची पॅन्ट आहे. बसलं की मांडीत आवळते, गुडघ्यावर अडते, आणि पट्टा पोटात रुततो. (पोटाचाही यात थोडा वाटा आहे, हे मी मान्य करतो. थोडा.) संध्याकाळी घरी गेल्यावर मी कण्हायचो आणि ही ऐकायची. ऐकता ऐकता एक दिवस म्हणाली, मग माझ्यासारखं काहीतरी घाला की.

हिच्यासारखं म्हणजे जेगिंग. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, ही पायाला घट्ट बसणारी एक विजार असते. दिसायला जीन्स, स्वभावाने पायमोजा. ही ती घालून माळ्यावर चढते, जमिनीवर बसून कपाटाचा खालचा कप्पा आवरते, आणि परवा तर बसमागे धावली आणि बस पकडली. मी मागे राहिलो, क्रीज सांभाळत. तेव्हा ही आंघोळीला गेलेली असताना मी तिची दोरीवरची जेगिंग उलटी करून आतून तपासली, आणि दादा, मला घामच फुटला. पुढचा खिसा खोटा! वर नुसती टीप मारलीय, आत बोट जात नाही. चेन खोटी, म्हणजे चेनच नाही, तिच्या जागी दुहेरी शिलाई. बटण आहे, पण ते कशातच जात नाही, उगीच पुढे बसवलंय. एवढी फसवाफसवी मी एका कपड्यात कधी पाहिली नव्हती. मी ती हातात धरून धंद्याच्या अधोगतीवर स्वतःशीच भाषण करत उभा होतो, तेवढ्यात ही बाहेर आली. नवरा आपली विजार उलटी करून तिच्याशी बोलतो आहे, हे पाहून तिने काय समजायचं ते समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला जीन्स घ्यायला घेऊन गेली.

ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून आम्ही चार स्टॉप लांबच्या मोठ्या दुकानात गेलो. सरकता जिना, गार हवा, भिंतभर जीन्सच्या चळती. मी अगदी सामान्य गिऱ्हाइकासारखा वावरत होतो. एक बाई आल्या आणि मला म्हणाल्या, यांना छत्तीस होईल का हो? सवयीने मी त्यांच्या यजमानांकडे एक नजर टाकली आणि म्हणालो, छत्तीस नाही, अडतीस घ्या, आणि आसन जरा खोल बघा. मग आणखी एक गृहस्थ आले, त्यांची मी बाहीची उंची घेतली. तिसऱ्याला हात वर करायला सांगून छाती मोजत होतो, तेव्हा तिथला मॅनेजर येऊन अदबीने विचारू लागला, आपण कोणत्या विभागात असता? तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की गळ्यात टेप तसाच आहे. अडतीस वर्षांत तो मी फक्त झोपताना काढलाय. ही चपलांच्या कप्प्यामागे उभी राहून मला ओळखत नसल्यासारखं करत होती.

जीन्सच्या काउंटरवर एक चष्मेवाल्या बाई होत्या, पंचेचाळिशीच्या, फार शांत. मी त्यांना म्हटलं, मला रोज घालायला, उठायबसायला सोपं असं काहीतरी दाखवा. जेगिंगमध्ये पुरुषांचं येतं का? (हे मी हळूच विचारलं. हिने ते मोठ्याने पुन्हा विचारलं.) बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, काका, त्या नावाने नाही येत, पण ताण असलेली जीन्स येते. मांडीत सैल बघा, अगदी चिकटून बसणारी घेऊ नका. अर्थात मी ती चिकटून बसणारीच आधी उचलली, कारण ती घातलेला पुतळा माझ्याच उंचीचा होता.

ट्रायल रूममधलं सगळं सांगत नाही. एवढंच सांगतो, की ती विजार पोटरीपर्यंत गेली आणि तिथे थांबली. मग ना वर येईना, ना खाली उतरेना. मी एका पायावर उड्या मारत भिंतीला टेकलो, ती भिंत नव्हती, पडदा होता. शेजारच्या खोलीतल्या माणसाला मी न विचारता भेटलो. त्याने मात्र माझा एक पाय धरून मला त्या जीन्समधून मोकळं केलं, नाव सांगितलं नाही, विचारलंही नाही. असा माणूस आयुष्यात एकदाच भेटावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्यानंतर मी ट्रायल घ्यायचं नाकारलं. म्हटलं, मी शिंपी आहे, मला घालून बघायची गरज नाही, टेप आहे. काउंटरवर जीन्स आडवी पसरली, कंबर मोजली, नेहमीप्रमाणे दोन बोटं सैल धरली आणि म्हणालो, हीच द्या. बाई म्हणाल्या, काका, हे कापड ताणतं; आत्ता थोडी घट्ट घ्या, दोन तासांत अंगाला येते. आणि घालून उभं राहू नका, बसून बघा, उकिडवं बसून बघा, मागून उतरते का ते बघा. मी आत शिवलेल्या पट्टीवर लिहिलेलं वाचून दाखवलं: अठ्ठ्याण्णव टक्के सूत, दोन टक्के इलास्टेन (म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा). दोन टक्क्यांनी काय होतंय, म्हटलं. ज्या थंड नजरेने तुम्ही माझं पहिलं काज पाहिलं होतं, त्याच नजरेने त्या बाईंनी मला पाहिलं आणि पावती फाडली.

दोन टक्क्यांनी काय होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी नऊला जीन्स कमरेवर होती. अकराला ती कमरेची ओळख विसरली. बाराला मी एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने माप घेत होतो, आणि तिसरा हात नसल्यामुळे माप लिहून घ्यायचं काम गिऱ्हाईकच करत होतं. संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर दोन फुगे आले, म्हणजे मी उभा असलो तरी विजार बसलेली. इथे शहाणा माणूस बाईंकडे परत गेला असता. मी मशीनवर बसलो. मागची शिवण उसवली, दीड इंच आत घेतली, आपल्या नेहमीच्या पक्क्या दोऱ्याने, नेहमीच्या सरळ टाक्याने, दोनदा टीप मारली. आणि एवढ्यावर न थांबता गुडघ्यांचे फुगे घालवायला इस्त्री अगदी लाल करून, पाणी मारून, वाफेवर दाबली आणि जीन्सला क्रीज काढली. हो, क्रीज. हात आपोआप गेला. त्या दोन टक्क्यांचा जीव त्या वाफेत गेला, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंतवैद्य आले, ते आपले कोपऱ्यावरचे, राखाडी सूट शिवायचा होता. बरोबर त्यांच्या सासूबाई. मी ऐटीत पुढे झालो, टेपचं टोक धरलं आणि नेहमीसारखा खाली बसलो. कापड ताणलं, दोरा ताणला नाही. दादा, तुम्ही शिकवलेली टीप होती, अशी तशी सुटली नाही. वरपासून खालपर्यंत एका दमात, अगदी शिस्तीत सुटली. आवाज एवढा मोठा, की दंतवैद्यांनी सवयीने विचारलं, दुखलं का? सासूबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि त्या महिन्यातली प्रत्येक तारीख वाचून काढली. मी तसाच बसून राहिलो. उठणं शक्यच नव्हतं. बसल्या बसल्या दंतवैद्यांची दोन्ही पायांची उंची घेतली, घेर घेतला, मग कारण नसताना पुन्हा उंची घेतली, बुटांची तारीफ केली. शेवटी अस्तराचा तागा कमरेला गुंडाळून त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. ते सूट शिवायला टाकून गेले, हा त्यांचा मोठेपणा.

मग मात्र नाक मुठीत धरून गेलो त्या चष्मेवाल्या बाईंकडे. टेप घरी ठेवून गेलो. म्हटलं, बाई, मला शिकवा. त्यांनी उसवलेली शिवण पाहिली, क्रीज पाहिली आणि चष्मा काढून पुसला. पण शिकवलं. या कापडाला गोल टोकाची सुई, नागमोडी टाका, म्हणजे कापडाबरोबर शिवणही लांबते आणि परत येते. इस्त्री कोमट, नाही केली तर उत्तम. कापड घ्यायच्या आधी चिमटीत धरून ओढायचं आणि सोडून बघायचं. ताणणं कुणालाही जमतं, परत जागेवर येतं का ते महत्त्वाचं. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच कापायची, म्हणजे बसल्यावर खाली सरकत नाही. अडतीस वर्षं मी उभ्या माणसाची मापं घेतली, दादा. माणूस दिवसाचा अर्धा वेळ बसलेला असतो, हे कुणी विचारात घेतलंच नव्हतं. (तुम्हीही नाही. हे लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं, पण लिहिलं.)

दुसरी जीन्स मी त्यांनी सांगितली तशी घेतली. आधी बसून पाहिली, मग उकिडवं बसून, मग ट्रायल रूममध्ये तीनदा उठाबशा काढून. आता ती घालूनच हे पत्र लिहितो आहे. मांडी घालून बसलोय, कटिंगच्या टेबलावर, आणि पट्टा पोटाला काही म्हणत नाही. ही म्हणते, तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता. लेक म्हणते, दहा नाही, दोन. दोन टक्क्यांचा अनुभव घेतल्यामुळे मी दोनालाही आता हलकं समजत नाही.

माझी हकिगत इथे संपली. हसला असाल तर बरं, नसाल हसला तर दंतवैद्यांचा परिच्छेद पुन्हा वाचावा. वहिनीला नमस्कार, पण पत्र नको.

तुमचा शिकाऊ भाऊ,
धाकटा

ता. क. गुडघ्यांचं खोटं आहे. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. हिने ऐकलेलं कण्हणंही मी मुद्दाम कण्हलो होतो, कारण खरं कारण हिलाही सांगायचं नव्हतं. मला स्वतःसाठी जीन्स नकोच होती.

ता. क. दुसरा. मागच्या महिन्यात मी आलो होतो, तेव्हा तुम्ही उकाड्यात मांडीवर चादर घेऊन बसला होता. मी पाणी प्यायला आत गेलो आणि परत येताना चादर सरकलेली दिसली. पॅन्टचं वरचं बटण उघडं होतं. तुम्ही डाव्या हाताने चादर वर ओढलीत आणि मला क्रिकेटचा स्कोअर विचारलात. तुम्ही आयुष्यात क्रिकेट पाहिलेलं नाही, दादा. मग मी वहिनीला जिन्यात गाठलं, फार खोदून विचारलं, तेव्हा ती बोलली. तिच्यावर रागावू नका. ती म्हणाली, बटण मी लावून देते म्हटलं तर मला हात लावू देत नाहीत, म्हणतात, बायकोकडून पॅन्टचं बटण लावून घेऊन मी रस्त्याने चालणार नाही. ज्या माणसाने या गावातल्या निम्म्या लोकांची काजं हाताने केली, त्याला स्वतःचं एक बटण लावता येत नाही, याचं काय वाटत असेल, ते मला कळतं. मी घरी गेलो आणि रडलो. हिने विचारलं, तेव्हा पहिल्यांदा गुडघ्यांचं सांगितलं.

ता. क. तिसरा. पत्राबरोबरचं पुडकं लेक तुमच्याच हातात देईल. त्यात एक पॅन्ट आहे. तयार नाही, मी शिवलीय, ताणाच्या गडद निळ्या कापडाची. पहिल्या दोन बिघडल्या, ही तिसरी. कमरेत आतून इलास्टिक आहे. तुम्ही इलास्टिकला काय म्हणता ते मला पाठ आहे, म्हणून वरून रीतसर पट्टा बसवलाय, चेनच्या जागी दुहेरी शिलाई घातलीय आणि पुढे बटण लावलंय. बटणाखालचं काज हाताने केलं आहे, पण चिरलेलं नाही, कारण त्यातून काही जायचंच नाही. बघणाऱ्याला कळणार नाही. मला स्वतःला कळायला दोनदा उलटी करून पाहावी लागली. खिसे मात्र खरे आहेत, डावा जरा मोठा. आत दोन्ही बाजूंना फितीचे वेढे आहेत, त्यांत डाव्या हाताचा अंगठा घालायचा, एकदा इकडून ओढायची, एकदा तिकडून. मी उजवा हात पाठीमागे बांधून अकरा वेळा घालून-काढून पाहिली. सातव्या वेळेला हिने दार उघडलं, पाहिलं, आणि हलकेच लावून घेतलं. त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं, आणि मग त्या फितीचा रंग तिनेच निवडला.

ता. क. शेवटचा. पॅन्टचे पाय खाली मुडपलेले नाहीत. विसरलो नाही, मुद्दाम ठेवलेत. आजारपणात तुम्ही वाळलात, जुन्या वहीतली उंची आता चालायची नाही, आणि उंची मी फक्त दुकानातल्या मोठ्या आरशासमोर, माणूस ताठ उभा असताना घेतो. तुमच्या घरी येऊन घेणार नाही. वहिनीने कितीही फोन केले तरी नाही. दुमडून घ्या आणि या. दुपारी या, तेव्हा कुणी नसतं. काजाचे टाके पुन्हा तिरके आलेत, ते बघून मला काय बोलायचं ते बोला. तुमच्याशिवाय मला इथे करमत नाही. आणि वहिनीला बरोबर आणू नका. तिची गरज पडणार नाही.